आधी भार, मग वेग

भाद्रपद जवळ येऊ लागला की महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांच्या मंडळांत हलत्या देखाव्याची मसलत सुरू होते. आणि मान डोलावणारा गजराज, तलवार उगारणारा मावळा किंवा कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण पाहून ज्या पिढीने टाळ्या वाजविल्या, तिची नातवंडे आता त्याच मांडवात चित्रपटातला यंत्रमानव मागू लागली आहेत. ही मागणी थिल्लर ठरवून मोडीत काढावी असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. लाकूड, लोखंड, कापड आणि वीज ही चारही ज्या कामात एकत्र येतात, त्या कामात गावातली मुले जे शिकतात ते केवळ फळ्यावर लिहून शिकविता येत नाही, मग मांडवातली आकृती पुराणातली असो की परदेशी पडद्यावरची. माझे म्हणणे एवढेच आहे की, यंत्रमानवाच्या अंगावरचा रंग, डोळ्यांतले दिवे आणि पोटातून निघणाऱ्या शिट्ट्या यांवर महिनाभर खल करावयाचा, आणि ज्यांच्या बळावर तो चालणार त्या दोन मोटारींची निवड मात्र शेवटच्या आठवड्यात, छायाचित्र पाहून आणि किंमत परवडते एवढ्याच सबबीवर उरकून टाकावयाची, हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटा असल्यामुळेच पुष्कळ हौशी यंत्रे मिरवणुकीच्या दिवशी माणसांच्या खांद्यांवरून घरी परततात.

हे मी लोणंद डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे. पुणे–मिरज लोहमार्गावरचे, कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेले, आणि आषाढात नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात आलेल्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला मुक्काम देणारे हे गाव ना पुण्यासारखे महानगर, ना एखादी आडवळणाची वाडी. येथे वेल्डिंगचे दुकान आहे, जळालेली मोटार भरून देणारे कारागीर आहेत, हवी ती वस्तू पुण्याहून मागविण्याची सोय आहे. आणि त्याबरोबरच भाद्रपदातला चिखल, उखडलेले डांबर, रस्त्यावरचे गतिरोधक आणि मांडवाच्या फळीवर चढविणारा उतार हेही आहेत. प्रदर्शनाच्या गुळगुळीत फरशीवर जे यंत्र राजासारखे मिरवते, त्याची खरी परीक्षा अशाच जमिनीवर होते.

ज्या यंत्रमानवाची प्रतिकृती करण्याचा हव्यास जगभरच्या हौशी लोकांना आजवर सर्वांत अधिक जडला, तो म्हणजे 1977 साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातला आर-टू-डी-टू. पिंपासारखे अंग, वर घुमट, दोन बाजूंना दोन भक्कम पाय, चालण्याच्या वेळी पुढे येणारा तिसरा पाय, आणि उंची जेमतेम एक मीटरच्या वर, असे त्याचे रूप. पडद्यावर तो इतक्या सहजतेने सरकताना दिसतो की त्याच्या पायांतल्या यंत्रणेचा विचारही प्रेक्षकाच्या मनात येत नाही. परंतु 1976 साली ट्युनिशियाच्या वाळवंटात चित्रीकरण चालू असता रेडिओच्या साहाय्याने चालविण्याची प्रतिकृती वारंवार अडून बसत असे, आणि अनेक प्रसंगांत केनी बेकर नावाचा ठेंगणा नट त्या पिंपात शिरून ते पात्र हलवीत असे, ही हकिकत आता सर्वश्रुत आहे. ज्यांच्याजवळ द्रव्य होते, कुशल कारागीर होते आणि कार्यशाळाही होत्या, त्यांचीसुद्धा वाळूने ही अवस्था केली. पुढे त्याच मालिकेतील नंतरच्या चित्रपटांच्या वेळी कारागिरांनी अपंगांच्या विजेवर चालणाऱ्या खुर्चीच्या, म्हणजे व्हीलचेअरच्या मोटारी या यंत्रमानवाच्या पायांत बसविल्या, आणि मग तो भरवशाने चालू लागला. या इतिहासातून घ्यावयाचा बोध असा की, त्या कारागिरांनी अधिक वेगवान मोटार शोधली नाही. माणसाचे ओझे घेऊन हळू चालण्यासाठीच जी घडविलेली होती, ती त्यांनी शोधली.

आपल्याकडे हा न्याय यंत्रयुगाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. माउलींचा रथ ओढण्याचा मान ज्या बैलजोडीला मिळतो, तिची पारख करताना शर्यतीत ती किती धावेल हे कोणी पाहत नाही. खांदा, पाय आणि दमसास पाहतात. आणि तीच निवडक जोडी सपाट मार्गावर रथ लीलया ओढीत असली, तरी दिवे घाटाचा चढ आला की रथाला जादा बैलजोड्या जोडण्याची तजवीज आधीच केलेली असते. भार तोच, रस्ता बदलला, म्हणून ओढ बदलली, हे जाणण्यासाठी वारकऱ्याला पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडावे लागले नाही. मोटार निवडणाऱ्याने मात्र हाच विचार कागदावर आकड्यांनी मांडला पाहिजे, कारण बैल दमला तर ते दिसते. मोटार दमली तर आधी वास येतो आणि मग धूर.

तो हिशेब अवघड नाही. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. समजा, सांगाडा, पत्रा, घुमट, बॅटऱ्या आणि ध्वनिक्षेपक धरून यंत्रमानवाचे वजन 60 किलो झाले. खडबडीत डांबरावर लहान, कडक चाकांवरचा भार नुसता सरकविण्यास वजनाच्या विसाव्या हिश्शाइतकी, म्हणजे 3 किलोची ओढ धरावी. मांडवाच्या फळीचा चढ दहास एक असेल, तर त्यासाठी वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे आणखी 6 किलो. थांबलेल्या स्थितीतून दोन सेकंदांत माणसाच्या सावकाश चालीचा वेग गाठावयाचा, म्हणजे सेकंदाला एक मीटर, तर त्यापायी अजून सुमारे 3 किलो. एकूण ओढ 12 किलो झाली. चाकाचा व्यास 10 सेंटिमीटर असेल तर त्रिज्या 5 सेंटिमीटर. बारा पंचे साठ. हा झाला दोन्ही मोटारींनी मिळून द्यावयाचा टॉर्क, म्हणजे आसाला पीळ देण्याची ताकद: 60 किलोग्रॅम-सेंटिमीटर, अर्थात प्रत्येकीच्या वाट्याला 30. परंतु एक चाक खड्ड्यात आणि दुसरे कडेवर, असा प्रसंग आपल्या रस्त्यांवर अपवादात्मक नसून नित्याचा आहे. वळताना तर दोन चाकांवरचे ओझे कधीच समसमान नसते. म्हणून प्रत्येक मोटार एकटीने सगळा भार पेलील, या बेताने ती 60 किलोग्रॅम-सेंटिमीटरची घ्यावी. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. विक्रेत्याच्या तक्त्यात पुष्कळदा मोटार पूर्ण अडली असताना क्षणभर मिळणारा टॉर्क ठळक अक्षरांत छापलेला असतो. आपल्याला हवा तो अखंड चालताना मिळणारा, आणि तो त्याच्या एका लहान हिश्शाएवढाच असतो.

वेगाचा हिशेब याहून सोपा. 10 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ 31.4 सेंटिमीटर, सेकंदाला एक मीटर जायचे तर चाकाने मिनिटाला सुमारे 190 फेरे घेतले पाहिजेत. आणि शक्तीचा हिशेब असा, की 12 किलोची ओढ म्हणजे सुमारे 118 न्यूटन. ती सेकंदाला एक मीटर वेगाने लावण्यास 118 वॅट पुरतात. परंतु गिअर आणि मोटार मिळून निम्मी शक्ती उष्णतेत गमावतात असे धरले, तर चढावर बॅटरीतून सुमारे 240 वॅट खेचले जातील. यावरून दोन मोटारी, प्रत्येकी 24 व्होल्ट आणि 200 ते 250 वॅट, हे उत्तर आपोआप निघते. अर्ध्या अश्वशक्तीची, एक अश्वशक्तीची अशी भाषा बोलून ज्या मोटारी खरेदी केल्या जातात, त्यांतला दोष आता लक्षात यावा: अश्वशक्ती कितीही असली तरी ती मिनिटाला तीन हजार फेऱ्यांत दडलेली असेल, तर चाकापाशी तिचा उपयोग शून्य, मध्ये योग्य गिअर नसेल तर मोटार गरगरेल, तापेल, आणि यंत्रमानव जागचा हलणार नाही. चाक मोठे केल्याने वेग वाढेल खरा, पण त्रिज्या दुप्पट झाली की त्याच टॉर्कमधून मिळणारी ओढ निम्म्यावर येते, हेही विसरता कामा नये.

आता बाजारात उपलब्ध असलेल्या जिन्नसांकडे वळू. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सुलभ मोटार म्हणजे जुन्या मोटारगाडीच्या वायपरची. हलत्या देखाव्यांत तिने दिलेली सेवा मोठी आहे, आणि मान हलविणे, हात उचलणे यांसाठी मी तिचीच शिफारस करीन. तिचे झाकण उघडून पाहावे: आत पोलादी आसावर कोरलेला वर्म गिअर एका रुंद, बहुधा प्लॅस्टिकच्या, दातेरी चाकाला फिरवीत असतो, आणि कार्बनच्या दोनाऐवजी तीन कांड्या असतात, तिसरी कांडी जोराच्या पावसातल्या वाढीव वेगासाठी. या मोटारीचा दमसास चांगला आहे, पण ती एका दिशेने फिरण्यासाठी रचलेली असल्यामुळे उलट फिरविताना तिची वर्तणूक बदलते. अनेक वायपर-मोटारींत ऋण टोक थेट धातूच्या कवचाला जोडलेले असते, त्यामुळे कवच सांगाड्यापासून अलग न ठेवता तीच मोटार उलटसुलट फिरवू पाहणाऱ्याच्या पदरी शॉर्टसर्किट पडते. आणि मिनिटाला सुमारे साठ फेऱ्यांच्या तिच्या चालीने 10 सेंटिमीटरचे चाक सेकंदाला जेमतेम 31 सेंटिमीटर जाते, म्हणजे मिरवणूक पुढे जाईल आणि यंत्रमानव मागे राहील. चाके चालविण्याचे काम तिच्यावर सोपविणे हा तिच्यावरही अन्याय आहे.

गाडीच्या स्टार्टरची मोटार पाहून अनेकांना मोह पडतो, कारण ती अवजड इंजिनाला क्षणात फिरविते. परंतु तिचे आयुष्य त्या काही क्षणांसाठीच असते. मिनिटभर सलग चालविली तर ती स्वतःला जाळून घेते. विहिरीवरच्या पंपाची मोटार प्रत्यावर्ती विजेवर एकाच ठराविक वेगाने फिरते. तिला बॅटरीवर, मागेपुढे, हळूजलद चालविण्याचा खटाटोप खर्चवेचाच्या मानाने निष्फळ आहे. ई-रिक्षाची मोटार बळकट खरी, पण ती सवारी वाहण्यासाठी. 60 किलोच्या पिंपाला ती जोडणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. पायांखालच्या दुचाकी खेळण्यांतून निघणाऱ्या हब मोटारींमध्ये चाक आणि मोटार एकरूप असतात, आवाज नाही, गिअर नाही, हा त्यांचा गुण. पण त्यांना स्वतंत्र नियंत्रक लागतो, अगदी सावकाश चालीत त्या अडखळतात, आणि वीज तुटली की उतारावर त्यांना धरून ठेवणारे काही नसते.

उरतात दोन. पहिली म्हणजे विजेच्या सायकली आणि लहान स्कूटर यांसाठी बनविलेली, गिअरसह मिळणारी 24 व्होल्ट, 250 वॅटची मोटार, जिला विक्रेते ‘एमवाय1016झेड’ या नावाने ओळखतात. गिअरनंतर तिचा आस मिनिटाला सुमारे 300 फेरे घेतो. हिशेबाने अखंड टॉर्क सुमारे 80 किलोग्रॅम-सेंटिमीटर येतो, म्हणजे आपल्या गरजेहून अधिक. ती सर्वत्र मिळते, कार्बन बदलता येतात, बेअरिंग साधी असतात. तिचे न्यून असे की, तिचा गिअर वर्म जातीचा नसल्यामुळे उतारावर वीज बंद झाली तर यंत्र घरंगळू शकते. दुसरी म्हणजे व्हीलचेअरची. तिच्यात गिअर काटकोनात वळलेला असतो, म्हणून ती अरुंद पायात बेताने बसते. मागच्या टोकाला विद्युत्-ब्रेक असतो, जो वीज मिळाली की सुटतो आणि वीज गेली की आपण होऊन आवळला जातो. आणि बाजूला एक लहानशी दांडी असते, जी फिरविली की चाक मोकळे होऊन यंत्र हाताने ढकलता येते. भरगर्दीत वापरावयाच्या यंत्रासाठी याहून शहाणी रचना मला माहीत नाही. ती नवी महाग पडते, परंतु निकामी झालेल्या खुर्च्यांतून जोडी मिळाली तर डावी-उजवी पाहून, दोन्हींचे फेरे समान आहेत याची खातरजमा करून, अवश्य घ्यावी.

माझा निर्णय असा: चढ-उतार असलेल्या मांडवात आणि मिरवणुकीत फिरवावयाचा असेल तर व्हीलचेअरची जोडी, सपाट पटांगणावर, शाळेच्या सभागृहात, फिरवावयाचा असेल तर स्कूटरची गिअरमोटार. दोन्ही बाबतींत चाकावरचे वजन मोटारीच्या आसावर लटकत ठेवू नये. आस पलीकडून दुसऱ्या बेअरिंगने पेललेला असावा, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर गिअरपेटी वाकते. वळण्यासाठी दोन मोटारींचे वेग कमीजास्त करावेत आणि मधल्या पायाखाली मोकळे फिरते चाक द्यावे. सुरुवात हळूहळू होईल अशी योजना नियंत्रकातच करावी, कारण उंच आणि अरुंद पिंपाला अचानक धक्का दिला तर ते चालत नाही, पडते. नियंत्रक निवडताना मोटार अडली असता खेचल्या जाणाऱ्या प्रवाहाचा विचार करावा, नेहमीच्या नव्हे; बॅटरीपाशी फ्यूज असावा; रेडिओचा संदेश तुटताच यंत्र थांबावे; आणि लाल रंगाचे बंद करण्याचे बटण लहान मुलाच्याही हाती येईल अशा जागी असावे. 24 व्होल्टला 18 अॅम्पिअर-तासांचा बॅटरीसंच घेतला आणि त्यातली निम्मीच साठवण वापरावयाची शिस्त पाळली, तर सपाट रस्त्यावर तीन तासांची सेवा निश्चित मिळते.

कोणी म्हणेल, हे सगळे एका खेळण्यासाठी? तयार संच मिळतात, जोडावेत आणि मोकळे व्हावे. संच जोडण्यास माझा विरोध नाही. पण संच विकत घेणारा ज्या दिवशी संच बिघडतो त्या दिवशी असहाय होतो, आणि हिशेब करणारा होत नाही. आपल्या या मुलखात तरी हा युक्तिवाद शोभत नाही. लोणंदच्याच लोहमार्गावर पुढे, औंध संस्थानाने दिलेल्या निवडुंगाने माजलेल्या माळावर, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्याआधी त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले होते, आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविण्यासाठी पुष्कळ खस्ता खाल्ल्या होत्या. त्याच कारखान्याच्या आवारातून 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. शेजारच्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षाचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा त्यांनी सुधारलेली पायरिक्षा, मोटारीची जोड असलेली रिक्षा आणि पूर्णपणे बॅटरीवर चालणारी रिक्षा असे तीन पर्याय सिद्ध केले. चालविणाऱ्याचे श्रम, सवारीचा भार आणि रस्ता यांचा विचार करून मग यंत्र. आणि 2008 साली आशिया-प्रशांत विभागातील देशांच्या विद्यार्थ्यांची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषय आपल्याच गोविंदाच्या दहीहंडीवरून बेतलेला होता. उत्सव आणि यंत्रविद्या यांचे वैर आहे, असे मानण्यास काहीएक आधार नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मंडळाची वर्गणी लोकांची असते, आणि मोटारीवर खर्च वाढला तर इतर कामांत काटकसर करावी लागते. उत्तर असे की, हिशेबाने घेतलेली मोटार बहुधा स्वस्तच पडते, कारण ती दोनदा घ्यावी लागत नाही. आणि उत्सवानंतर तीच जोडी शाळेच्या प्रयोगशाळेला, किंवा एखाद्या गरजूच्या खुर्चीला, उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने 2016 पासून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना चालविली आहे. अशी प्रयोगशाळा ज्या शाळेत आहे, तिने मंडळाच्या मुलांना आठवड्यातून एक सायंकाळ उघडी करून दिली, आणि तालुक्यातल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या एखाद्या निदेशकाने कार्बन कसे बदलावेत आणि प्रवाह कसा मोजावा एवढे जरी शिकविले, तरी अनुदानाचे सार्थक झाले असे मी म्हणेन. मागविलेल्या मोटारीचा सुटा भाग तीन महिन्यांनी येणार असेल, तर गावातल्या कारागिराला उघडता येणारी, थोडी जड, थोडी कमी देखणी मोटार केव्हाही श्रेष्ठ.

म्हणून लोणंद आणि परिसरातील मंडळांच्या कार्यवाहांना आणि शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. यंत्रमानव करावयाचा तर जरूर करा; परंतु खर्चाची मंजुरी देण्यापूर्वी मुलांकडून एक कागद लिहून घ्या. त्यावर सहा गोष्टी नमूद असाव्यात: एकूण भार, वाटेतला सर्वांत मोठा चढ, चाकाचा व्यास, हवा तो वेग, थांबण्याची तजवीज, आणि बिघडल्यास दुरुस्त करणाऱ्या इसमाचे नाव. हा कागद पुरा झाल्याखेरीज मोटारीची खरेदी करू नये, मग ती कितीही स्वस्त मिळत असो.